धनदा यक्षिणी, पायाळू मुलगी आणि दीड लाखाची सामग्री

वाचकाचं पत्र

आदरणीय ताई,
मी कन्नड तालुक्यातला शेतकरी. मका आणि आलं करतो. विहिरीसाठी आणि आल्याच्या बेण्यासाठी गावातल्या एकाकडून ४ लाख घेतले, महिना ५ टक्क्यांनी. त्याने एक एकराचं खरेदीखत लिहून घेतलंय, पैसे फिटले की परत करतो म्हणतो. त्याच वर्षी आल्याचा भाव पडला. १४ महिने नुसतं व्याज भरतोय, मुद्दल जागच्या जागी. बँकेचं पीककर्जही थकलंय.
भाच्याने एका गुरुजींची गाठ घालून दिली. त्यांनी आमच्या ओट्यावर लिंबू कापलं, तर आतून रक्तासारखं लाल पाणी आलं. म्हणाले, तुमची लक्ष्मी बांधलेली आहे, धनदा यक्षिणीची साधना करावी लागेल. अमावस्येपासून २१ रात्री, शेतातल्या वडाखाली. सामग्रीचे १ लाख ५१ हजार. ११ हजार इसार दिलाय. बोलता बोलता माझी मुलगी पायाळू आहे हे त्यांना कळलं. तेव्हापासून म्हणतात, शेवटच्या रात्री तिला अंजन घालून बसवलं तर यक्षिणी धनाची जागा दाखवील. मुलगी तेरा वर्षांची आहे. बायकोला यातलं काही माहीत नाही.
यक्षिणी खरंच धन देते का? तिच्याकडे जायची खरी रीत काय? गुरूवाचून घरी करता येईल का? आणि अर्ध्यात सोडलं तर उलटतं म्हणतात, ते खरं का? मला तर आता हाच एक मार्ग दिसतोय.
— एक वाचक (नाव छापू नये)

उत्तर

दादा,

मुलीचं आधी बोलते, बाकीचं सगळं नंतर. तिला त्या रात्री बसवायचं नाही. त्या रात्री नाही, कुठल्याच रात्री नाही. तिची आई सोबत असली तरी नाही, गुरुजी ‘फक्त पाच मिनिटं’ म्हणाले तरी नाही. तुम्ही मला चार प्रश्न विचारलेत, पण मुलीबद्दल एकही नाही. तरी पत्रात तिचं वय लिहिलंत. मनात कुठेतरी टोचतंय म्हणूनच ते लिहिलं गेलं असणार.

पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं, हे मराठवाड्यात कोणी ऐकलेलं नाही असं नाही. पुरलेले हंडे रात्री जमिनीखालून सरकतात, त्यांच्या साखळ्या वाजतात, ‘येऊ का, येऊ का’ असा आवाज येतो आणि हो म्हटलं तर घरातलं पहिलं मूल मागतात, या गोष्टी आपल्या आज्यांनी कंदिलाच्या उजेडात सांगितल्या. गोष्ट म्हणून मलाही त्या आवडतात. पण पायाळू म्हणजे जन्मताना बाळाचे पाय आधी आले, एवढंच. बाळ पोटात कसं वळलेलं होतं त्यावर ते ठरतं, त्याच्या डोळ्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. आणि या समजुतीची किंमत काय मोजली गेली ते मराठवाड्याला सांगायला नको. परभणी जिल्ह्यातलं मानवत आपल्याच मराठवाड्यातलं. १९७२ ते १९७४ या काळात तिथे गुप्तधनाच्या नादापायी लहान मुली आणि बायका मारल्या गेल्या. तिथेही सुरुवात झाडाखालच्या पूजेनेच झाली होती. तुमचे गुरुजी तसे आहेत असं मी म्हणत नाही, ते कोण आहेत मला ठाऊक नाही. पण जो माणूस पैशांसाठी तेरा वर्षांची मुलगी रात्री रानात मागतो, त्याला तुमच्या उंबऱ्याच्या आत जागा नाही. तो परत मुलीबद्दल बोलला, घरी आला, शाळेच्या वाटेवर दिसला, तर ११२ ला फोन करा. मुलांसाठी १०९८ हा वेगळा नंबर आहे, तिथेही बोलता येतं.

आता लिंबू. जास्वंदीचं लाल फूल घ्या, सुरीच्या पात्यावर दोन्ही बाजूंनी चांगलं चोळा आणि पातं सावलीत वाळू द्या. वाळल्यावर त्यावर काळपट, निळसर झाक राहते, लांबून पाहणाऱ्याला ती सुरीच्या रंगात मिसळून जाते. मग त्या सुरीने लिंबू कापा. जास्वंदीच्या रंगाला आंबट लागलं की तो लाल होतो, लिंबाच्या रसाबरोबर ओघळतो, आणि अर्ध्या फोडी हातात घेऊन दाबल्या की रक्त टपकल्यासारखं दिसतं. हळदीत चुना कालवला की ती लाल होते, हे तर तुमच्या घरातल्या बायकांना माहीत असतं. हे त्याच जातीचं. हे लोक आणखी काही रसायनंही वापरतात, पण एक गोष्ट कधी बदलत नाही. आठवून पाहा, लिंबू कोणाचं होतं आणि सुरी कोणाची होती? लिंबू तुमचं असेलही. सुरी त्यांच्या पिशवीतून निघाली असेल. हा प्रयोग बायको आणि मुलगी यांच्यासमोर करा. मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आम्ल आणि आम्लारी हा धडा असतोच, ती तुम्हाला कारण माझ्यापेक्षा नीट सांगेल.

तुम्ही देवभक्त माणूस आहात, तेव्हा यक्षिणीचं नाव काढल्यावर ‘सगळं थोतांड’ एवढंच उत्तर देऊन मी तुमची बोळवण करणार नाही. यक्ष-यक्षिणींची उपासना या देशात फार जुनी आहे आणि तिच्या पोथ्या आहेत. त्यातली एक महत्त्वाची म्हणजे भूतडामर तंत्र, ती बौद्धांतही आहे आणि शैवांतही. त्यात सुरसुंदरी, मनोहारिणी, कनकवती, कामेश्वरी, रतिप्रिया, पद्मिनी, नटी, अनुरागिणी अशा आठ यक्षिणींच्या साधना सांगितल्या आहेत. गुरुजींनी तुम्हाला जे सांगितलं ते या पोथीशेजारी ठेवून पाहू या.

पोथीतली सामग्री काय? भूर्जपत्र, त्यावर यक्षिणीचं चित्र काढायला कुंकुम, चंदन, फुलं, गुग्गुळाचा धूप, तुपाचा दिवा. नदीचा काठ, एखादं झाड, नाहीतर एकान्तातलं देऊळ. यातल्या बहुतेक वस्तू कन्नडच्या बाजारात पूजासाहित्याच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतील. दीड लाखाची यादी कुठून आली, हे गुरुजींना वस्तूवार विचारा. एकेका वस्तूचा भाव लिहून मागा. माझा अंदाज, ते लिहून देणार नाहीत.

नातं काय? साधकाने तिला आई, बहीण किंवा पत्नी यांपैकी एका नात्याने हाक मारायची असते. पत्नी म्हणून बोलावलं तर इतर सगळ्या स्त्रियांचा संग सोडायचा, असं पोथी बजावते. म्हणजे ही एका माणसाची, त्याने स्वतः करायची गोष्ट आहे. त्यात दुसऱ्याने पैसे घेऊन आपल्या वतीने बसायचं, किंवा तिसऱ्याच्या लेकीला बसवायचं, याला जागाच नाही.

आणि धन? इथे पोथी जे म्हणते ते मला वर्षानुवर्षं विलक्षण वाटत आलंय. यक्षिणी रोज सोन्याची नाणी देते, पण ती सगळी त्याच दिवशी खर्च करायची. त्यातलं थोडं जरी मागे ठेवलं, तर पुन्हा मिळत नाही. ही अट तिथे वारंवार येते. ज्याने ही कल्पना केली त्याच्या डोळ्यांपुढे घरदार सोडून फिरणारा साधक होता, ज्याला उद्यासाठी काही साठवायचंच नव्हतं. जमीन सोडवायची, मुलीचं शिक्षण करायचं, विहिरीचा गाळ काढायचा, अशा माणसासाठी ते लिहिलेलं नाही. जमिनीखालचा हंडा तर त्या चित्रात नाहीच. गुरुजींनी एका ठिकाणची यक्षिणी, दुसऱ्या ठिकाणचं पायाळूचं अंजन आणि तिसऱ्या ठिकाणची करणी एकत्र बांधून तुमच्यापुढे ठेवली आहे.

‘खरंच देते का’ हा तुमचा सरळ प्रश्न आहे, त्याला सरळ उत्तर देते. नाही, दादा. यक्षिणीने कोणाचं कर्ज फेडलेलं मी पाहिलेलं नाही, आणि ज्यांनी आयुष्य या पोथ्यांत घालवलं अशा कोणाकडून ऐकलेलंही नाही. या साधनांत माणसाला काही मिळत असेलही. एकाग्रता मिळते, भीती मोडते, रात्रीचा एकान्त सोसायची ताकद येते. नोटा मिळत नाहीत.

अर्ध्यात सोडलं तर उलटतं, ही भीती मला सगळ्यात जास्त खटकते, कारण पुढचे पैसे याच भीतीवर उकळले जातात. बाराव्या रात्री निरोप येतो की विघ्न आलं, आता ५१ हजारांचा होम करावा लागेल, नाहीतर घरातलं माणूस जाईल. तिथून मागे फिरणं फार अवघड होतं. पुन्हा पोथीकडे येते. यक्षिणी आली नाही तर काय करावं, हे भूतडामरात लिहिलेलं आहे. साधकाने क्रोधमंत्र म्हणावा म्हणजे तिचंच डोकं फुटेल, ती मरेल, असा तो दम आहे. दम यक्षिणीला आहे! वाचायला ते ओबडधोबड वाटतं, मला ते आवडतही नाही, पण तुमच्या घरातलं माणूस जाईल असा त्याचा अर्थ कुठूनही निघत नाही. तुम्ही अजून काही सुरूच केलेलं नाही, तेव्हा अर्ध्यात सोडण्याचा प्रश्नच येत नाही. सुरू केलं असतं आणि तिसऱ्या रात्री उठून घरी आला असतात, तरी मी हेच लिहिलं असतं.

धनाच्या देवतांबद्दल आपल्याकडे याहून खोल विचार झालेला आहे, तो कोणी गुरुजी सांगत नाहीत. मार्कंडेय पुराणात पद्मिनी नावाची विद्या सांगितली आहे. तिची देवता लक्ष्मी, आणि तिच्या आधाराने ८ निधी राहतात: पद्म, महापद्म, मकर, कच्छप, मुकुंद, नंद, नील आणि शंख. निधी म्हणजे नुसता खजिना नव्हे, ते जिवंत आहेत, त्यांना स्वभाव आहे, आणि ज्याच्यावर त्यांची नजर पडते त्या माणसाचा स्वभाव ते आपल्यासारखा करून टाकतात. पद्माची नजर पडली तर माणूस सोन्यारुप्याचा व्यापार करतो, यज्ञ करतो, दान देतो. मकराची पडली तर शस्त्रं जमवतो आणि राजांशी मैत्री करत फिरतो. कच्छपाची पडली की कोणावरही विश्वास ठेवत नाही. कासव अंग आत ओढून घेतं तसा तो धन आत ओढतो, ना देतो ना भोगतो, नाश होईल या भीतीने जमिनीत पुरून ठेवतो. शंखाची पडली तर स्वतः एकटा चांगलं खातो, चांगलं नेसतो आणि घरचे निकृष्ट अन्न खाऊन फाटक्यात राहतात. बायको, भाऊ, मुलगा, सून, कोणालाच तो काही देत नाही.

मी हे वाचलं तेव्हा थांबून पुन्हा वाचलं होतं. गावोगाव दिसणारी माणसं त्यात जशीच्या तशी आहेत. ज्याने तुमच्या एक एकराचं खरेदीखत उशाशी ठेवलंय, त्याच्यावर कोणत्या निधीची नजर असेल ते तुम्हीच ठरवा. हे मी यासाठी सांगते की धनाच्या देवतेकडे जाताना जुन्या लोकांनी ‘किती मिळेल’ याआधी ‘मी कसा होईन’ हे विचारलं होतं. आणि तुम्ही तर अजून एक रुपया मिळालेला नसताना बायकोपासून चोरून वागायला लागला आहात.

तुमच्याच जिल्ह्यात या देवता दगडात बसलेल्या आहेत, त्या पाहून या. पितळखोरं तुमच्या तालुक्यातलं. तिथे सापडलेला यक्ष सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, बुटका, पोट सुटलेला, तोंडभर हसणारा. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर कोरलंय की कण्हदास नावाच्या सोनाराने तो घडवला. सोनं हाताळणाऱ्या माणसाने धनाच्या राखणदाराची मूर्ती केली आणि तिच्यावर आपलं नाव घातलं. यक्षाकडे जायची ती एक रीत होती. आपला हात, आपलं कसब, आणि उजेडात, चार लोक येतात-जातात तिथे.

अजिंठ्याला मात्र मुलीला आणि तिच्या आईला घेऊन जा. सोमवार सोडून कोणत्याही दिवशी. २ नंबरच्या लेण्यात मुख्य गाभाऱ्यातल्या बुद्धाच्या दोन बाजूंना दोन लहान गाभारे आहेत. डाव्या हाताला दोन धष्टपुष्ट यक्ष बसलेत, ते शंखनिधी आणि पद्मनिधी मानले जातात. तुम्ही ज्यांना शोधताय तेच, अगदी तुमच्या जिल्ह्यात. उजव्या हाताला हारीती आणि तिचा नवरा पांचिक, जो कुबेराच्या यक्षसेनेचा सेनापती. हारीतीची कथा अशी. तिला स्वतःची ५०० मुलं होती आणि ती राजगृहातल्या दुसऱ्यांच्या मुलांना खायची. बुद्धाने तिचं सगळ्यात धाकटं मूल आपल्या भिक्षापात्राखाली लपवलं. ती वेडीपिशी होऊन शोधत आली. तेव्हा बुद्ध म्हणाले, ५०० तलं एक गेलं तर तुझी ही अवस्था, ज्यांची एकदोनच होती त्यांचं काय झालं असेल? त्या दिवसापासून ती मुलांची राखण करणारी झाली. तिच्या आसनाखाली शिल्पकाराने शाळा कोरली आहे: हातात छडी घेतलेला मास्तर, पुढे शिकणारी मुलं आणि मागे खेळात दंग झालेली वांड पोरं. मुलीला ती मागची पोरं दाखवा, तिला हसू येईल. धनाचे यक्ष आणि लेकरांची राखणदारीण एकाच छताखाली, बुद्धाच्या दोन बाजूंना बसवणारे ते लोक आपल्यापेक्षा शहाणे होते. त्या धनाजवळ लेकरू सुरक्षित आहे.

‘खरी रीत काय’ हा तुमचा दुसरा प्रश्न, आणि मला वाटतं तुम्ही तो मनापासून विचारलाय. तर ऐका. धनाच्या अधिपतीला तुम्ही लहानपणापासून हाक मारत आलात. गणपतीत आरती झाली की सगळे हातात फुलं घेऊन मंत्रपुष्पांजली म्हणतात. ‘राजाधिराजाय प्रसह्यसाहिने नमो वयं वैश्रवणाय कुर्महे’. हा वैश्रवण कोण? कुबेर. पुढे स्पष्टच येतं, ‘कुबेराय वैश्रवणाय महाराजाय नमः’. मध्ये मागणंही आहे, ‘स मे कामान् कामकामाय मह्यं कामेश्वरो वैश्रवणो ददातु’: माझ्या मनात ज्या इच्छा आहेत त्या तो पुऱ्या करो. तैत्तिरीय आरण्यकातले शब्द आहेत हे. लाजतबुजत नाही, लपूनछपून नाही. घरातली लहानमोठी सगळी, शेजारी, पाहुणे, खणखणीत आवाजात, चुकतमाकत, यक्षांच्या राजाकडे आपल्या इच्छा मागतात. लक्ष्मीपूजनाला श्रीसूक्त म्हणत असाल तर त्यातही तो आहे. ‘उपैतु मां देवसखः कीर्तिश्च मणिना सह’ या ऋचेतला देवसखा म्हणजे कुबेर, असंच जुने भाष्यकार सांगतात.

म्हणून गुरूवाचून घरी करता येईल का, तर येईल. आणि त्यात यक्षिणीला वेगळं बोलवायची गरज नाही, तिच्या राजालाच नमस्कार करा. पहाटे अंघोळ करून देवघरापुढे बसा. दिवा लावा. श्रीसूक्त येत असेल तर एकदा, नसेल येत तर मंत्रपुष्पांजलीतल्या एवढ्या दोन ओळी, शांतपणे, अर्थ मनात ठेवून. मग मागायचं ते मराठीत मागा, मोठ्याने: माझी जमीन सुटू दे, माझं घर टिकू दे. बायको शेजारी असू दे. नैवेद्याला धणे-गूळ पुरे, धनत्रयोदशीला ठेवतो तसा. यासाठी कोणाला एक रुपया द्यायचा नाही, रात्री रानात जायचं नाही, कोणापासून काही लपवायचं नाही. असं बसून उठलेला माणूस दिवसाच्या कामाला जरा धीराने लागतो, हे मी घरोघरी पाहिलंय. तेवढ्यासाठी करा.

आता त्या ४ लाखांचं, कारण तुमच्या घरात बांधलेलं काही असेल तर ते हेच आहे. महिना ५ टक्के म्हणजे वर्षाला ६० टक्के. १४ महिन्यांत तुम्ही २ लाख ८० हजार नुसतं व्याज दिलंत. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमनाचा कायदा आहे. परवाना असलेल्या सावकारालासुद्धा शेतकऱ्याकडून वर्षाला तारण असेल तर ९ आणि नसेल तर १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. आपला जुना दामदुपटीचा नियमच तो. परवाना नसताना सावकारी करणं हा गुन्हा आहे, त्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या माणसाकडे परवाना आहे का, हे तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात विचारा. नसेल तर तिथेच लेखी तक्रार द्या. खरेदीखताची गोष्टही मुद्दाम लिहा, कारण सावकारीच्या व्यवहारात तारण म्हणून लिहून घेतलेली जमीन चौकशीत तसं सिद्ध झालं तर परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक काढू शकतात. खरेदीखताची नक्कल, सातबारा, फेरफार, व्याज दिल्याच्या ज्या काही खुणा असतील त्या (फोनवरून पाठवलेले पैसे, डायरीतल्या नोंदी, समोर असलेले साक्षीदार), सगळं एका फायलीत लावा. वकील परवडत नसेल तर कन्नडच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, १५१०० या नंबरवर फोन करूनही मोफत कायदेशीर मदत कशी मिळेल ते कळतं. बँकेत मॅनेजरला भेटून पीककर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज द्या. थकलं म्हणून तोंड लपवू नका, त्यांना रोज असेच लोक भेटतात.

या सगळ्याला वेळ लागेल, आणि त्या माणसाचा दबाव वाढेल. म्हणून बायकोला आजच सांगा. सगळं सांगा: ४ लाख, खरेदीखत, गुरुजी, ११ हजार, आणि मुलीबद्दल तो काय म्हणाला तेही. ती चिडेल. एक-दोन दिवस बोलणार नाही कदाचित. पण मुलीवर नजर ठेवायला आता दोन माणसं हवीत, आणि निबंधकाच्या कार्यालयात जायलाही दोन बरी. ‘हाच एक मार्ग’ हे तुमचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. रात्री झोप लागत नसेल, जिवाचं काही बरंवाईट करावंसं मनात येत असेल, तर १४४१६ ला फोन करा. सरकारची मोफत सेवा आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

राहिले ११ हजार आणि गुरुजी. भाच्यामार्फत एवढाच निरोप पाठवा की मला साधना करायची नाही, इसार परत करा. वाद घालू नका, पोथीतलं काही ऐकवू नका, लिंबाचं कारण सांगू नका. धमकी आली, तुमचं वाटोळं होईल असं म्हणाले, तर ते मेसेज पुसू नका, फोन रेकॉर्ड करा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणं आणि गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी कृत्यं करणं हे दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हे आहेत. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार. हा कायदा ज्यांनी लावून धरला त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर तो आला. तुमच्या देवघरातल्या पूजेला, वारीला, कीर्तनाला त्याने हात लावलेला नाही, तसं त्यात वेगळं लिहूनच ठेवलंय. पोलीस ठाण्यात गेलात तर या कायद्याचे दक्षता अधिकारी कोण, असं विचारा आणि त्यांच्याकडेच तक्रार द्या. तक्रारीत पहिलं वाक्य मुलीबद्दलचं असू द्या, पैशांचं दुसरं.